रातबगळ्याची दुसरी कॅसेट

मार्लिस प्रुस्कीला किळस यायची ती आधी वासाची, मग माणसांची. मिलवॉकीच्या त्या जुन्या व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये पाऊल टाकल्याबरोबर दोन्ही एकदम अंगावर आलं. बाहेरच्या बर्फाच्या राड्यात भिजलेले जाड कोट, तळलेल्या चीजचे गोळे, सकाळी सकाळीच फोडलेली बिअर आणि वर्षानुवर्षं तळघरात कोंबून ठेवलेलं जुनं प्लास्टिक, या सगळ्यांचा मिळून जो दर्प होतो तो तिच्या नाकात जाऊन ठाण मांडून बसला. तिनं उभा जन्म दातांच्या दवाखान्यात लोकांचे दात साफ करण्यात घालवला होता. कुजलेल्या दाढेपुढे ती कधी डगमगली नव्हती. इथे मात्र तिनं मफलर नाकावर ओढून घेतला.

दारावरच्या दाढीवाल्यानं तिच्या नावाचा बिल्ला छापला, वाचला आणि फिस्सकन हसला.

"प्रुस्की? खरंच? की गंमत म्हणून घातलंय?"

"लग्नात मिळालंय," मार्लिस म्हणाली.

"अरे ए, इकडे या रे! खरीखुरी प्रुस्की आलीय!"

दोघंतिघं धावत आले आणि सर्कशीतला प्राणी बघावा तसे तिच्याकडे बघत उभे राहिले. एकानं फोटो काढला. विचारलंसुद्धा नाही.

कारण इथल्या माणसांच्या तोंडी प्रुस्की हे आडनाव नव्हतंच. एखाद्यानं गेम बनवताना माती खाल्ली की त्यानं 'प्रुस्की केली'. कॅसेट चालता चालता बंद पडली, 'प्रुस्की झाली'. लग्न मोडलं, गाडी बर्फात रुतली, ऑम्लेट तव्याला चिकटलं, सगळ्याची प्रुस्की. बोलणाऱ्यांतल्या निम्म्यांना हे एका माणसाचं नाव आहे, त्या माणसाला घरदार होतं, हेही ठाऊक नव्हतं. मार्लिसची मुलगी जनेल लग्नानंतर नवऱ्याचं नाव लावायला लागली तेव्हा स्वच्छ म्हणाली होती, "आई, राग मानू नकोस, पण तुझं आडनाव इंटरनेटवर शिवी आहे." मार्लिसनं राग मानला. अजूनही मानत होती.

ही शिवी जन्माला कशी आली, ते सांगायला हवं. त्या काळी अमेरिकेतल्या पोरांत दोनच पंथ होते, ऑर्बिटवाले आणि मॅग्नावाले. बापानं नाताळात गेम खेळायचं जे यंत्र घरी आणलं, तो पोराचा धर्म. मग शाळेच्या बसमध्ये हाणामाऱ्या. एकच महानायक दोन्ही यंत्रांवर निघाला तर विचारूच नका. कुणाच्या यंत्रावर त्याचा शेला जास्त फडफडतो, कुणाच्या यंत्रावर तो लंगडत पळतो, यावरून पोरं एकमेकांची नरडी धरायची. ती पोरं आता पन्नाशीला आली, पोटं सुटली, गुडघे गेले, पण भांडण तेच. त्यासाठी दर हिवाळ्यात हा हॉल भाड्यानं घेतात.

रातबगळा हा काही पहिल्या पंगतीतला महानायक नव्हता. राखाडी पोशाख, लांब चोचीचा मुखवटा, शहरातल्या चोरांना गच्चीवरून झडप घालून धरायचा, एवढंच त्याचं कर्तृत्व. एका कंपनीनं त्याचे दोन गेम करायला घेतले. मॅग्नावरचा दिला व्हर्जिल प्रुस्कीकडे, म्हणजे मार्लिसच्या नवऱ्याकडे. ऑर्बिटवरचा दिला स्वस्तात मिळालेल्या कुणातरी अनोळखी माणसाकडे. व्हर्जिलचं काम होत आलं आणि कंपनी बुडायला लागली. बुडताबुडता तिनं नाताळाच्या तोंडावर ऑर्बिटवरचा अर्धाकच्चा गेम दुकानांत ढकलला. सुरुवातीच्या चित्रावर कुणाचं तरी नाव हवं होतं. कचेरीत व्हर्जिलच्या नावाची पाटी तयार होती, तीच डकवून दिली.

तो गेम म्हणजे घाण होती, दुसरा शब्द नाही. रातबगळा उडी मारायचा तो हवेतच अडकून बसायचा. खाली आलाच तर गच्चीत कमरेपर्यंत रुतायचा. चोराला ठोसा मारला की आपणच मरायचो. आणि प्रत्येक वेळी मेलं की पुन्हा पहिलं चित्र, पुन्हा ती पाटी: व्हर्जिल प्रुस्की. करून गेलं गाव आणि कांदळकराचं नाव, म्हणतात ते असं. देशभरच्या पोरांनी ते नाव इतक्यांदा, इतक्या संतापानं वाचलं की ते त्यांच्या जिभेवरच चिकटलं. मॅग्नावरचा गेम बाजारात आलाच नाही.

व्हर्जिलनं मग महापालिकेच्या पाणीखात्यात नोकरी धरली आणि गेमचं नाव काढलं नाही. कुणी चिडवलं तर म्हणायचा, "हसू दे गं. हसतील त्यांचे दात दिसतील." मार्लिसला त्या दातांवरची कीडही दिसायची. मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात तो दारापुढचा बर्फ उपसता उपसता फावड्यावरच कोसळला. शहराच्या वर्तमानपत्रानं निधनाची बातमी इंटरनेटवर टाकली, आणि तिच्याखाली कुणा परक्यानं लिहिलं, 'शेवटी स्वतःचीच प्रुस्की केली.' त्याखाली हसरे चेहरे, रांगच्या रांग. मार्लिसनं ते वाचलं आणि बाथरूममध्ये जाऊन खरोखरच ओकली. त्या दिवशी तिनं ठरवलं, एकदा, फक्त एकदा, हे दोन रातबगळे शेजारी शेजारी उभे करायचे. मग बघू कोण हसतं.

संधी चालून आली ती अशी. बुडालेल्या कंपनीच्या अडगळीचा कधीतरी लिलाव झाला होता, त्यात व्हर्जिलची कॅसेट सापडली होती. जगात ती एकच. ती होती ड्वाइट हॅवरकॅम्प नावाच्या माणसाकडे, जो सरोवराकाठी बोटी विकायचा. त्यानं ती जुन्या कॅसेटींना गुण देणाऱ्या तपासणी कंपनीकडून पारदर्शक खोक्यात सीलबंद करून घेतली होती. खोक्यावर नंबर: दहापैकी साडेनऊ. म्हणजे जवळजवळ निष्कलंक. अशा खोक्यातली कॅसेट कुणी खेळत नाही, कारण खोकं उघडलं की नंबर गेला. ही यांची रीत. सुगरणीनं लाडू करावेत, कुणी ते काचेत बंद करावेत, वर गुण लिहावेत आणि मग जन्मभर कुणी चाखूच नयेत, अशातली गत. पण प्रदर्शनाचा म्होरक्या रँडल ड्वाइटच्या मागे हात धुऊन लागला, तपासणी कंपनीनं जागेवरच पुन्हा सील करून द्यायचं कबूल केलं, आणि अखेर 'आमनेसामने' ठरलं. रंगमंचावर दोन टीव्ही. एकावर ऑर्बिटचा रातबगळा, दुसऱ्यावर मॅग्नाचा.

रंगमंचामागच्या खोलीत रँडलनं तिचा हात दोन्ही हातांनी घुसळला. तो मॅग्नावाल्यांचा पुढारी. त्याच्या निळ्या टी-शर्टाखालून बेंबी डोकावत होती आणि दाढीत चीजचा तुकडा अडकला होता.

"या या, मिसेस प्रुस्की! आज त्या ऑर्बिटवाल्यांची खोड मोडायची! जन्मभर टोमणे ऐकतोय मी. 'निदान आमच्याकडे रातबगळा आहे, तुमच्याकडे काय, ठेंगा?' आज दाखवतो म्हणावं. त्यांचा बगळा म्हणजे पिसं उपटलेली कोंबडी!"

"तुम्हाला ऑर्बिटवाल्यांना हरवायचंय," मार्लिस म्हणाली. "माझ्या नवऱ्याचं काय?"

"एकच की हो ते!"

ते एक नव्हतं, पण बेंबीशी वाद कुठे घालायचा.

ड्वाइट हॅवरकॅम्प मात्र नीटनेटका होता. इस्त्रीचा सदरा, मऊ आवाज, आणि दात असे पांढरेशुभ्र की ते जन्मजात नव्हेत हे मार्लिसनं दारातूनच ओळखलं. त्याच्यामागून त्याची बायको लॉर्ना आली. तिनं कागदात गुंडाळलेलं सँडविच मार्लिसच्या हातात कोंबलं.

"खा. सकाळपासून पोटात काही नसेल. आणि इथलं काही तोंडात घालू नका हं, ते तेल परवाचं आहे."

"तुम्हाला आवडतं का हे सगळं?" मार्लिसनं विचारलं.

"मला?" लॉर्ना हसली. "घरभर नंबर लावलेली खोकी. एकाशीही खेळायचं नाही. मी आपली धूळ पुसते. स्वच्छ ठेवायचं काम माझं, मिरवायचं ह्यांचं." आणि ती त्यांच्या स्टॉलवर बसायला निघून गेली. त्या अख्ख्या हॉलमध्ये मार्लिसला किळसवाणं न वाटलेलं हे पहिलंच माणूस.

मग तपासणी कंपनीचा माणूस पांढरे हातमोजे घालून आला आणि त्यानं ते खोकं उघडलं. इतक्या भक्तिभावानं की मार्लिसला त्याच्या कानफटात मारावीशी वाटली. आतून निघाली एक उघडी हिरवी पट्टी आणि तिच्यावर काळ्या चिपा. दुकानातल्या कॅसेटीसारखं वरचं प्लास्टिक नाही. ही कामातली कॅसेट, करून बघायची. अशा कितीतरी पट्ट्या तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडलेल्या असायच्या. मिठाच्या बरणीजवळ.

रँडलनं पट्टी तोंडाजवळ नेली आणि तिच्यात फू करून जोरात फुंकर मारली.

"थुंकी जाते आत," मार्लिस म्हणाली.

"रीत आहे मॅडम. फुंकल्याशिवाय चालतच नाही."

पट्टी यंत्रात गेली. बटण दाबलं. टीव्ही काळा. पुन्हा काढली, पुन्हा फुंकली, पुन्हा बसवली. काळाच. स्पिरिटनं पुसून झालं, दुसरं यंत्र आणून झालं. एकदा कुठे राखाडी पट्टे थरथरले आणि विझले. मग रँडलनं पट्टी दिव्याखाली धरली आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"ड्वाइट, चिकटपट्ट्या कुठे गेल्या?"

"कसल्या?"

"चिपांवरच्या. काळ्या."

"नव्हत्याच. मी पाहिली तेव्हापासून ती अशीच स्वच्छ आहे. म्हणून तर साडेनऊ मिळाले."

गेम बनवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असलेली गोष्ट आहे, आणि मार्लिसलाही व्हर्जिलमुळे माहीत होती. त्या चिपांच्या पाठीवर काचेचं इवलंसं तावदान असतं. ऊन त्या तावदानातून आत गेलं की चिपेवर लिहिलेलं हळूहळू पुसून जातं. ते तसं मुद्दामच केलेलं असतं, चिप पुन्हा वापरता यावी म्हणून. म्हणूनच काम झालं की तावदानावर काळी चिकटपट्टी लावायची.

"खोटं बोलताय तुम्ही," ती म्हणाली. "व्हर्जिल पट्टी लावल्याशिवाय चिप खालीसुद्धा ठेवायचा नाही. माझ्या डोळ्यांदेखत लावायचा. तुम्ही काढल्यात. गुण वाढावेत म्हणून."

"मॅडम, आईशपथ सांगतो, नव्हत्या."

रोज दातांत दोरा फिरवतो म्हणून आईच्या शपथा घेणारे शेकडो लोक मार्लिसच्या खुर्चीवर आ वासून गेले होते. हिरड्यांतून रक्त वाहत असायचं आणि शपथ चालूच.

"ठेवली कुठे होती?" रँडलनं विचारलं.

"शोरूममध्ये. दर्शनी कपाटात."

"म्हणजे त्या काचेच्या भिंतीपाशी? सरोवराकडच्या?"

"तिथं छान दिसायची," ड्वाइट म्हणाला.

छान दिसायची. सरोवरावरून येणारं लख्ख ऊन, उन्हाळ्यामागून उन्हाळे, त्या उघड्या तावदानांतून आत जात राहिलं, आणि लोक बोटी घेता घेता म्हणत राहिले, वा, काय छान. तिच्या नवऱ्यानं डोळे फोडून लिहिलेलं सगळं काम या माणसानं उन्हात वाळत घातलं होतं. कैऱ्यासुद्धा माणूस एवढ्या बेफिकिरीनं वाळत घालत नाही.

"आता याचे गुण किती?" तिनं हातमोजेवाल्याला विचारलं.

"साडेनऊच," तो म्हणाला. "आमचा नंबर दिसण्यावर असतो, बाई. चालण्यावर नाही." आणि तो खरंच पुन्हा सील करायला बसला.

ड्वाइटनं दार लावून घेतलं. एक खुर्ची ओढून तो तिच्यापुढे बसला, गुडघ्याला गुडघा लावून, बोट विकायला बसतो तसा.

"मिसेस प्रुस्की, शांतपणे विचार करू. तुम्हाला काय हवंय? नाव स्वच्छ व्हायला हवंय ना?"

"हो."

"मग होऊ शकतं. अगदी आत्ता. रँडल बाहेर जाऊन सांगेल, टीव्हीनं ऐन वेळी दगा दिला, पण सकाळी आम्ही चौघांनी गेम चालताना पाहिला. आणि तुम्ही सांगाल, कसा होता तो. तुमच्या तोंडचं ऐकल्यावर कोण शंका घेईल? तुमचा नवरा मोठा होईल. ही कॅसेट जपली जाईल. कुणाचंच वाईट नाही."

"आणि तुमचं खोकं विकलं जाईल."

"तेही," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

रँडल नखं खात होता. "मॅडम, वाईट नाही हो हे. ऑर्बिटवाल्यांची तोंडं तरी बंद होतील."

मार्लिसला शिसारी आली, आणि सगळ्यांत जास्त शिसारी याची आली की तिला ते पटत होतं. कारण तिनं तो गेम चालताना पाहिला होताच की. व्हर्जिलनं तिला एकदा हाक मारून दाखवला होता. गच्चीच्या कठड्यावर रातबगळा नुसता उभा. काही करत नव्हता, फक्त श्वास घेत होता. छाती किंचित वर, किंचित खाली, आणि थंडीत चोचीतून वाफ निघायची. त्या वाफेसाठी व्हर्जिलनं आठवडाभर खिडकीतून बसथांब्यावरच्या माणसांची तोंडं न्याहाळली होती. दुसऱ्या रातबगळ्याला, त्या ऑर्बिटच्या कोंबडीला, उभंही राहता येत नव्हतं. तेव्हा खोटं ते कितीसं? त्यात फक्त 'आज सकाळी' एवढे दोन शब्द घालायचे. दोन शब्द, आणि जनेलला आपलं आडनाव परत मिळेल. निधनाच्या बातमीखालचे ते हसरे चेहरे तोंड काळं करतील.

"चला," ती म्हणाली.

रंगमंचापुढे ऑर्बिटवाल्यांचे लाल टी-शर्ट एका बाजूला, मॅग्नावाल्यांचे निळे दुसऱ्या बाजूला. एवढाली माणसं स्पंजचे मोठमोठे हात नाचवत एकमेकांना वेडावत होती. डाव्या टीव्हीवर ऑर्बिटचा रातबगळा चालू केला होता. तो पहिल्याच उडीत हवेत लटकला आणि निळ्यांनी शिट्ट्या मारल्या.

"तुमच्या बगळ्याला वात झाला रे!"

"निदान आमचा दिसतोय तरी! तुमचा अंड्यातच मेला!"

ड्वाइटनं सीलबंद खोकं उंच धरलं आणि माइक हातात घेतला.

"मित्रांनो, टीव्हीनं घात केला. पण आज सकाळी आम्ही हा गेम चालताना पाहिला. काय सांगू! डोळ्यांचं पारणं फिटलं! व्हर्जिल प्रुस्की हा कलावंत होता, कलावंत!"

इतके दिवस मार्लिस हेच वाक्य ऐकायला आसुसली होती, आणि ते आलं कुठून, तर त्या विकत घेतलेल्या दातांमधून. त्या तोंडात आज तिच्या नवऱ्याचं नाव होतं, उद्या एखाद्या बोटीचं असेल, आणि चव दोन्हींची सारखीच. व्हर्जिलवर एकदा खोटी पाटी डकवून झाली होती. ही दुसरी. नुसता रंग बरा होता एवढंच.

रँडलनं माइक तिच्यापुढे धरला. "मॅडम, सांगा. कसा होता?"

"पस्तीस वर्षांपूर्वी फार सुंदर होता," मार्लिस म्हणाली. "माझ्या स्वयंपाकघरात. रातबगळा उभ्याउभ्या श्वास घ्यायचा. पण आज सकाळी मी काही पाहिलं नाही. यांनीही नाही. कॅसेट मेलीय. चिपांवरच्या पट्ट्या काढून यांनी ती शोरूमच्या उन्हात ठेवली, आणि सगळं पुसून गेलं. व्हर्जिलनं काय केलं होतं, ते आता कुणालाच कधी दिसणार नाही. मी म्हणते म्हणून विश्वास ठेवा असंही मी म्हणणार नाही. पण जे तुम्ही त्या डाव्या टीव्हीवर बघताय, ते त्याचं नाही. त्याचा हातही लागलेला नाही त्याला."

स्पंजचे हात खाली आले. लोकांपर्यंत पोचलं, असं तिला वाटलं. मग मागच्या रांगेतून एक लालवाला आनंदानं ओरडला, "उन्हात ठेवली? अरे, प्रुस्की केली रे ह्यानं!"

हॉलभर हशा फुटला. लाल, निळे, सगळे एक झाले. "प्रुस्की! प्रुस्की!" स्पंजचे हात तालात वरखाली व्हायला लागले. दुसऱ्यानं केलेल्या नासाडीलाही नाव व्हर्जिलचंच. ते तिच्या दुःखाला हसत नव्हते, वाईटही वागत नव्हते. त्यांना दुसरा शब्दच येत नव्हता. मार्लिस पायऱ्या उतरून खाली आली. कानांत ते नाव, नाकात ते तेल.

स्टॉलपाशी ड्वाइटनं तिला गाठलं. तो चिडला असेल असं तिला वाटलं होतं. छे! त्याचा चेहरा फुलला होता.

"बघितलंत? खोटं बोलायची गरजच नव्हती! रांग लागलीय बघा. उन्हात मेलेली एकुलती एक कॅसेट आणि भर सभेत फुटलेलं बिंग! चालणाऱ्या कॅसेटीला एवढी गिऱ्हाइकं आली नसती. एक विनंती आहे, खोक्यावर तुमची सही द्या. नवऱ्याच्या वतीनं."

त्यानं जाड काळं पेन पुढे केलं. रांगेतली माणसं माना उंचावून बघू लागली. मार्लिसनं त्याच्या दातांकडे पाहिलं, मग खोकं जवळ ओढलं आणि सावकाश, ठसठशीत अक्षरांत लिहायला लागली.

"अरे वा, मोठा मजकूर लिहिताहेत," ड्वाइट रांगेला म्हणाला.

लिहून झाल्यावर तिनं खोकं रांगेकडे फिरवलं. पहिल्या माणसानं मोठ्यानं वाचलं, "ही नासाडी ड्वाइट हॅवरकॅम्पची. व्हर्जिल प्रुस्कीची नव्हे."

आधी हशा पिकला. मग कुणीतरी जिभेवर घोळवून बघितलं, "म्हणजे आता हॅवरकॅम्प केली म्हणायचं का?" "हॅवरकॅम्प झाली!" "माझ्या गाडीची परवा हॅवरकॅम्प झाली!" रांगेत ते पुढून मागे गेलं, मागून हॉलभर. ड्वाइट अंगठ्यानं अक्षरं घासत होता, पण शाई पक्की होती. त्याचे दात अजून दिसत होते, फक्त हसू तेवढं गेलं होतं. मार्लिसच्या छातीवरचा धोंडा सरकला. निधनाच्या बातमीनंतर पहिल्यांदाच तिला पोटभर श्वास घेता आला.

लॉर्नानं तिला बाहीला धरून स्टॉलमागे ओढलं.

"त्या पट्ट्या मी काढल्या," ती म्हणाली.

"काय?"

"लिलावातून पेटी आली तेव्हा हे बोटींच्या मेळाव्याला गेले होते. मीच उघडली. त्या पट्ट्या चिकट झाल्या होत्या, केस चिकटलेले, घाण दिसत होतं. नेलपॉलिश काढायच्या पाण्यानं सगळं लख्ख केलं. ह्यांना माहीतच नाही. आत्ता तुम्ही वर बोललात तेव्हा मला कळलं, त्या कशासाठी होत्या." तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "ते खोटं नव्हते बोलत. त्या बाबतीत तरी नाही. आणि आमचा मुलगा हायस्कूलमध्ये शिकवतो हो. हॅवरकॅम्प सर म्हणतात त्याला पोरं."

मार्लिस वळली आणि गर्दीत घुसली. "अहो, थांबा," ती ओरडली. "ऐका, चूक झाली! पट्ट्या त्यानं नाही काढल्या! त्याला माहीत नव्हतं!" कुणी वळलं नाही. तिनं समोर आलेल्या लाल टी-शर्टवाल्याचा दंड धरला. त्याचं तोंड चीजनं भरलं होतं, आणि दाढांच्या फटीतून ते पिवळं दिसत होतं.

"अहो, ते त्याचं काम नाही. मी चुकीचं नाव लिहिलंय."

त्यानं घास गिळला आणि तिच्याकडे मोठ्या मायेनं पाहिलं.

"काय फरक पडतो, बाई? म्हणायला झकास वाटतंय."